एकसष्ट माप, साठ फॅट: दोन अ‍ॅरे एकत्र फिरवताना आमच्या दूध संस्थेत काय झालं

हे प्रकरण मामांच्या गावातल्या दूध संस्थेतलं आहे, कोल्हापूर जिल्ह्यात, संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही. मामा तिथे सचिव आहेत आणि ज्या प्रोग्रॅममुळे हे झालं तो मी लिहिलेला होता, पायथनमधे, जेमतेम ऐंशी ओळींचा. दोन अ‍ॅरेवर, म्हणजे ओळीने लावलेल्या दोन याद्यांवर, एकाच वेळी लूप कसा फिरवायचा हे सगळ्यांना दहा मिनिटात शिकवलं जातं, पण तो फिरवताना आपण काय गृहीत धरतो हे कोणी सांगत नाही, आणि मला ते एका संध्याकाळी चाळीस लोकांच्या पावत्या चुकल्यावर कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी संस्थेत काम कसं चालतं ते सांगतो कारण चूक तिथेच आहे. सकाळ-संध्याकाळ लोक किटली घेऊन येतात, दूध काट्यावर ओततात, सभासद नंबर दाबला की लिटर नोंदले जातात. त्याच वेळी हेल्पर पोरगा पळीभर दूध सॅम्पलच्या बाटलीत घेतो आणि बाटली ट्रेमधे ओळीने लावतो. फॅट आणि एसएनएफ (दुधातला फॅट सोडून बाकीचा घन भाग) काढायचं मशीन एका सॅम्पलला मिनिटभर घेतं, त्यामुळे माणूस उभा ठेवून तपासायचं म्हटलं तर साठ लोकांची रांग तासभर हलणार नाही, म्हणून आधी सगळ्यांचं माप घ्यायचं आणि मग ट्रेमधल्या बाटल्या एकामागून एक मशीनला लावायच्या अशी पद्धत. बऱ्याच ठिकाणी काटा आणि मशीन एकाच युनिटला जोडलेले असतात आणि हा प्रश्नच येत नाही, पण इथे दोन्ही वेगवेगळ्या वेळी घेतलेली यंत्रं, प्रत्येकाची आपापली फाइल. काट्याच्या फाइलमधे सभासद नंबर आणि लिटर. मशीनच्या फाइलमधे फक्त फॅट आणि एसएनएफ, ओळीने, कुणाचं ते नाही.

म्हणजे एका बाजूला एक यादी, दुसऱ्या बाजूला दुसरी यादी, आणि दोघींना जोडणारी गोष्ट एकच, क्रम. पहिल्या यादीतला तेविसावा आणि दुसऱ्या यादीतला तेविसावा हे एकाच म्हशीचे असं धरायचं. मी काय केलं असेल ते कुठलाही पायथनवाला सांगेल, झिप, म्हणजे दोन याद्यांमधून एकेक उचलून जोड्या लावत जाणारं पायथनचं फंक्शन:

फॉर माप, फॅट इन झिप(काटा, मशीन):

आणि आत रेट चार्टमधून दर, गुणाकार, पावती. फॅट ५ च्या वर असेल तर म्हशीचा चार्ट, नाहीतर गायीचा, असा एक साधा नियमही मीच टाकला होता. हा नियम लक्षात ठेवा, पुढे यानेच चूक झाकली. सहा-सात महिने एकदम व्यवस्थित चाललं, मामा खूश, मीही खूश.

मग एप्रिलमधली ती संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मामांचा फोन. संस्थेच्या दारात एक म्हातारी मावशी दोन पावत्या हातात घेऊन उभ्या होत्या, कालच्या सकाळची ७.१ फॅट आणि कालच्या संध्याकाळची ३.९. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, ‘म्हस काय एका दिसात गाय हुती व्हय रं?’ बरोबरच होतं. मुऱ्हा म्हशीची फॅट सहसा अशी एका वेळेत अर्ध्यावर येत नसते, आणि संध्याकाळच्या दुधाला तर उलट फॅट जरा जास्तच लागते कारण सकाळ ते संध्याकाळ दोन धारांमधलं अंतर कमी असतं. लिटरमागे वीस रुपयांच्या वर फरक पडत होता त्यांना. ज्या घरात त्या एका म्हशीवर किराणा चालतो तिथे ही रक्कम छोटी नाही.

मामांना आधी वाटलं मशीन बिघडलं, माझाही पहिला अंदाज तोच. पण मग मी फोनवरूनच त्यांना रजिस्टरमधले आकडे वाचायला लावले. मावशींचा नंबर त्या पाळीला ३१ वा होता. ३० व्या नंबरला एकच जर्सी गाय असलेला माणूस, त्याची पावती बघितली तर ७.२! आणि ३२ व्याची रोजची फॅट ३.९ च्या आसपास. तिथे डोक्यात उजेड पडला, आकडे खोटे नव्हते, फक्त प्रत्येक जण शेजाऱ्याच्या आकड्यावर बसला होता.

मागे मागे जात बघितलं तर घसरण २२ पासून सुरू. हेल्परला विचारलं, तो लगेच म्हणाला, ‘दादा, बाविसाची बाटली उन्हानं फाटली हुती, मशीनमधी घातली न्हाई, बाजूला ठिवली.’ त्याने अगदी योग्य केलं होतं, नासलेलं दूध मशीनमधे घातलं तर आतली नळी तुंबते आणि पुढची सगळी सॅम्पलं अडकतात. पण त्या एका बाटलीमुळे मशीनच्या फाइलमधे ६० ओळी झाल्या आणि काट्याच्या फाइलमधे ६१. बावीस नंबरला तेविसाची फॅट, तेविसाला चोविसाची, असं करत साठाला एकसष्टाची. २२ ते ६० म्हणजे ३९ माणसं चुकीच्या फॅटवर, आणि एकसष्टावा माणूस तर गायबच, त्याची पावतीच निघाली नाही. रजिस्टरवर एकूण दूध ३१८.५ लिटर आणि माझ्या प्रोग्रॅमची बेरीज ३१२. मधले साडेसहा लिटर त्या शेवटच्या माणसाचे.

पायथनचं झिप सगळ्यात छोटी यादी संपली की थांबतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. हे डॉक्युमेंटेशनमधे स्पष्ट लिहिलेलं आहे आणि मला माहितही होतं. म्हणूनच, आणि हा या प्रकरणातला मला सगळ्यात शिकवून गेलेला भाग आहे, मी लूपच्या खाली एक चेक टाकलेला होता. लूप संपल्यावर काट्याच्या फाइलमधे काही उरलंय का बघ, मशीनच्या फाइलमधे काही उरलंय का बघ, उरलं असेल तर लाल अक्षरात ओरड. तो चेक त्या संध्याकाळी चालला होता आणि दोन्हीकडे ‘काही उरलं नाही’ असं म्हणाला होता.

हे कसं शक्य आहे यावर मी अर्धा दिवस घालवला. मग कळलं ते असं. मी फाइली आधी पूर्ण वाचून लिस्टमधे भरत नव्हतो, फाइलच सरळ झिपला देत होतो, म्हणजे एकेक ओळ पुढे सरकत जाणार आणि गेलेली ओळ परत येणार नाही. आता झिप प्रत्येक फेरीला काय करतं, आधी पहिल्याकडून एक घेतं, मग दुसऱ्याकडून एक मागतं. एकसष्टाव्या फेरीला त्याने काट्याच्या फाइलमधून शेवटची ओळ उचलली, मग मशीनकडे हात केला, तिथे काही नाही, म्हणून तिथेच थांबलं. पण उचललेली ती ओळ? ती परत ठेवायची सोयच नाही, ती हवेत गेली. त्यामुळे नंतर माझा चेक काट्याच्या फाइलमधे डोकावला तेव्हा ती खरंच रिकामी होती! जर मी झिपमधे आधी मशीन आणि मग काटा असं लिहिलं असतं तर मशीनवरच थांबलं असतं, एकसष्टावी ओळ शिल्लक राहिली असती आणि चेकने पकडलं असतं. दोन नावांची जागा बदलली की एकदा चूक सापडते आणि एकदा नाही, असा चेक चेकच नाही. विश्वास बसत नसेल तर घरी करून बघा, १, २, ३ अशी एक लिस्ट आणि १, २ अशी दुसरी, दोघींवर इटर लावा (म्हणजे त्या फाइलसारख्या एकेक पुढे सरकतील), झिप फिरवा आणि मग पहिल्याला नेक्स्ट, म्हणजे पुढचा दे, म्हणा. तीन येत नाही. उलट क्रमाने दिलं की येतो.

लगेचचा उपाय मला सोपा वाटला. झिप पायथनमधे २००० साली २.० बरोबर आलं तेव्हापासून छोट्या यादीपाशी थांबत आलंय, आणि शेवटी ३.१० मधे, म्हणजे २०२१ ला, त्याला स्ट्रिक्ट नावाचा ऑप्शन दिला गेला, तो ट्रू केला की लांबी जुळली नाही तर व्हॅल्यूएरर येतो. लिहिलं आणि पाठवलं. मामांच्या कंप्युटरवर चाललंच नाही, झिप असं काही घेत नाही म्हणून टाइपएरर. संस्थेतला कंप्युटर विंडोज ७ वाला, आणि विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढे जात नाही. मग साधं केलं, दोन्ही फाइली आधी लिस्टमधे वाचायच्या, लांबी मोजायची, जुळत नसेल तर एकही पावती न काढता थांबायचं. एकसष्ट ओळींसाठी मेमरी वाचवायची काय गरज होती हा प्रश्न मी स्वतःला तेव्हाच विचारायला हवा होता. पायथनच्याच इटरटूल्समधलं झिप लाँगेस्टही चाललं असतं, ते मोठ्या यादीपर्यंत जातं आणि कमी पडेल तिथे नन, म्हणजे ‘काही नाही’, भरतं, पण आम्हाला भरायचं नव्हतं, थांबायचं होतं.

त्या आठवड्यात मी अजून एक गोष्ट करून बघितली, हीच ६१ आणि ६० ची जोडी वेगवेगळ्या भाषांमधे काय करते ते. सी मधे इंडेक्सवर लूप चालवला तर एकसष्टाव्या वेळी अ‍ॅरेच्या पलीकडची मेमरी वाचली जाते, तिथे काय असेल ते असेल, कदाचित फॅटसारखा दिसणारा आकडाही. जावा आणि गो तिथे एरर देऊन थांबतात. जावास्क्रिप्टमधे इंडेक्सने फिरवलं की शेवटचा अनडिफाइन्ड येतो आणि गुणाकार केला की एनएएन, म्हणजे ‘हा आकडाच नाही’, पावतीवर रुपयांच्या जागी तेच छापलं जाईल. पीएचपी ८ वॉर्निंग देतं आणि हिशोबात शून्य धरतं. रूबीचं झिप ज्या यादीवर बोलावलं तिची लांबी धरतं आणि दुसरी कमी पडली की निल, म्हणजे ‘काही नाही’, भरतं. रस्ट, सी शार्प आणि आता सी प्लस प्लस २३ मधलं नवीन झिप, तिघंही पायथनसारखे छोटीपाशी गप्प थांबणारे. आर या भाषेत दोन व्हेक्टरचा (आकड्यांच्या याद्यांचा) गुणाकार केला तर छोटा व्हेक्टर परत पहिल्यापासून वापरला जातो, म्हणजे एकसष्टाव्या माणसाला पहिल्या माणसाची फॅट, वॉर्निंग येते, पण लांबी जर बरोबर दुप्पट-तिप्पट असेल तर वॉर्निंगसुद्धा नाही. पायथनची नमपाय ही लायब्ररी मात्र सरळ नाही म्हणते, साठ आणि एकसष्ट मी गुणणार नाही. मला ते सगळ्यात आवडलं.

पण या सगळ्या खटाटोपातून जे दिसलं ते वेगळंच होतं. आरडाओरडा करणाऱ्या भाषाही एकसष्टाव्या ओळीवर ओरडतात. बावीसपासून साठपर्यंतच्या ३९ चुका त्याआधीच होऊन गेलेल्या असतात आणि त्यांच्याबद्दल कुठलीच भाषा एक अक्षर बोलत नाही, कारण भाषेच्या दृष्टीने तिथे काही चुकलेलंच नाही, तेविसाव्या जागी एक आकडा मागितला आणि तेविसाव्या जागचा आकडा दिला. आमच्याकडे तर माझ्या त्या ५ च्या नियमाने म्हशीला गाय आणि गायीला म्हैस करून दर पण बिनबोभाट लावून दिला. लांबी न जुळणं हे फक्त लक्षण होतं. मूळ दुखणं असं की ट्रेमधली जागा आणि माणूस यांचं नातं मी पक्कं धरलं होतं, आणि ते नातं एका हेल्परच्या हातावर आणि एप्रिलच्या उन्हावर अवलंबून होतं.

हे मला तेव्हा अर्धवटच कळलं होतं, पूर्ण कळलं दहा-बारा दिवसांनी. त्या दिवशी ५८ माप आणि ५८ फॅट, लांबी जुळली, लिटरची बेरीज रजिस्टरशी तंतोतंत जुळली, पावत्या निघाल्या. पण मामा आता पावत्यांवर नजर टाकायला लागले होते आणि त्यांनीच पकडलं, मधल्या मधे काही लोकांचे आकडे नेहमीचे वाटत नाहीत. झालं असं होतं की हेल्परला फोन आला आणि चौदा नंबरची बाटली दोनदा लागली, आणि पुढे चाळीसची बाटली फाटलेली म्हणून वगळली. एक जास्त, एक कमी, बेरीज सारखी. १५ ते ४० अशा २६ जणांना या वेळी आधीच्या माणसाची फॅट मिळाली आणि एक्केचाळीसपासून पुन्हा सगळं जागेवर. पायथन ३.१० असतं आणि स्ट्रिक्ट ट्रू असतं तरी ते पास झालं असतं. लांबीचा चेक आवश्यक आहे, पण तो क्रमाची खात्री देत नाही, हे वाक्य मी लिहिलेलं कुठे वाचलं असतं तर मान डोलावली असती आणि पुढे गेलो असतो, पावती हातात घेतल्यावर ते वेगळं लागतं.

मग मी प्रोग्रॅमला हात लावायच्या आधी संस्थेत जाऊन दोन दिवस संध्याकाळी बसलो. बाटल्यांवर नंबर आधीपासूनच होते, प्लास्टिकच्या झाकणांवर कोरलेले, फक्त ते कुणी वापरत नव्हतं कारण ट्रेमधे ओळीने लावलं की झालं. मशीनला एक छोटा कीपॅड होता, सॅम्पल नंबर टाकायची सोय होती, मॅन्युअलमधे शेवटच्या पानाजवळ. तो नंबर चालू केला की फाइलमधे तिसरा कॉलम येतो. म्हणजे दोन्ही यंत्रांमधे जोडणारा धागा होताच, आम्ही तो सोडून क्रमावर विसंबलो होतो. आता काट्यावर माप घेताना बाटलीचा नंबर टाकायचा आणि मशीनला लावताना पण टाकायचा, हेल्परचं काम बाटलीमागे दोन बटणांनी वाढलं. तो आधी कुरकुरला, मग मावशींचा किस्सा त्यालाही माहीत होता, म्हणाला टाकतो.

प्रोग्रॅममधून झिप गेलं. मशीनची फाइल आधी एका डिक्शनरीत, म्हणजे नंबरवरून आकडा शोधता येईल अशा यादीत, भरायची, बाटली नंबर ही की आणि फॅट-एसएनएफ ही व्हॅल्यू, आणि भरताना तोच नंबर दुसऱ्यांदा आला तर तिथेच थांबून दाखवायचं की चौदा दोनदा आलाय, यातला कुठला घ्यायचा. मग लूप फक्त काट्याच्या यादीवर, प्रत्येक मापासाठी डिक्शनरीत बघायचं, नसेल तर त्या नंबरची वेगळी यादी करायची. शेवटी उलटं पण बघायचं, फॅट आली पण माप नाही असं काही आहे का. दोन अ‍ॅरे एकत्र फिरवायचेच नाहीत, एक फिरवायचा आणि दुसऱ्यात शोधायचं. पांडाज ही पायथनची लायब्ररी वापरणाऱ्यांना हे ओळखीचं वाटेल, तिथे दोन सिरीज (लेबल लावलेल्या याद्या) गुणल्या तर त्या जागेवरून नाही तर लेबलवरून जुळतात, बाविसाची फॅट नसेल तर फक्त बाविसासमोर एनएएन येतं आणि तेविसाला तेविसाचीच मिळते.

ज्याचं सॅम्पल नाही त्याचं काय करायचं हे मात्र प्रोग्रॅमने ठरवायचं नाही असं मी मामांना स्पष्ट सांगितलं. संस्थेची जुनी पद्धत होती, आदल्या दिवसाच्या त्याच पाळीची फॅट धरायची. सकाळची संध्याकाळला धरायची नाही, वर सांगितलं तसं दोन्ही वेळचं दूध सारखं नसतं. प्रोग्रॅम तो आकडा सुचवतो, पण सचिवांनी होय म्हटल्याशिवाय पावती निघत नाही.

आता झिप वाईट आहे असा कुणी अर्थ काढू नका, मी ते आजही रोज वापरतो. एकाच फाइलमधल्या एकाच ओळीतून दोन कॉलम काढले असतील तर ते आपोआप जोडीनेच जन्मलेले असतात, तिथे झिप अगदी बरोबर. किंवा लागोपाठच्या दोन दिवसांचा फरक काढायचा असेल तर एक लिस्ट आणि तीच लिस्ट पहिला सोडून, अशी झिप करतात, तिथे लांबी एकाने कमी असणारच आणि छोटीपाशी थांबणं हेच हवं असतं, स्ट्रिक्ट लावलं तर उलट अडेल. म्हणून मी आता झिप लिहिताना वर एक कॉमेंट टाकतो, या दोन याद्या कुठून आल्या आणि त्यांचा क्रम कोण सांभाळतं. दुसऱ्या भागाचं उत्तर ‘कुणीतरी माणूस’ असं आलं की झिप काढून टाकतो.

पैशाचं सांगायचं राहिलं. दोन्ही वेळचे आकडे दुरुस्त करता आले कारण बिल दर दहा दिवसांनी निघतं आणि तेव्हा वाटप व्हायचं होतं, आणि मशीनची मूळ फाइल मी पुसत नव्हतो, हे एक बरं केलं होतं. बाविसाचा आकडा आदल्या संध्याकाळचा धरला, बाकी सगळे एकेक जागा खाली सरकवले, एकसष्टाव्या माणसाची पावती नव्याने काढली. मावशींचा फरक त्यांना रुपयात लिहून दाखवला, मी स्वतः जाऊन, माफी मागितली. ज्याच्या गायीला ७.२ लागली होती तो माणूस स्वतःच येऊन सांगून गेला होता की माझी पावती जास्तीची आलीय, बघा.

गेल्या आठवड्यात मामांचा फोन आला, स्क्रीनवर ‘४७ चं सॅम्पल नाही’ असं आलंय आणि पावत्या अडकल्यात, लोक थांबलेत. मी म्हटलं ट्रे बघा. बाटली ट्रेच्या मागे गडगडत गेलेली होती, झाकण घट्ट, दूध चांगलं. मशीनला लावली, सत्तेचाळीस टाकलं, ४.१ आली, आणि पावत्या निघायला लागल्या.